दोन बिल्ले

दि. ९ फेब्रुवारी २०२५
तांडा, ता. सेनगाव

चि. प्रतिक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

सवयीनं आधी ‘चि. सौ.’ लिहून गेले. तो कागद फाडला. हा दुसरा.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. जवळा बाजारला माहेरी तुझं बरं चाललं असेल, असं म्हणवत नाही. इकडे हळद काढणं सुरू आहे. सासूबाईंचे गुडघे सुजलेत. माझ्या अंगणवाडीतला तुझ्या अनुश्रीचा ग्लास मी कुणाला देत नाही. तिचा खोकला थांबला का?

तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, घरीच असतात. दार लावलं की उठून बाहेर येतात. जेवणही अंगणातच. पुन्हा बोगद्याच्या कामावर जायचे नाहीत.

निघताना तू मला म्हणालीस, ‘बाई, माझा माणूस दारूला शिवत नव्हता, तुमाला ठाऊक हाय. मंग लोक बोलून राहिले तवा तुमी काहून गप बसल्या?’ मी तुझ्या पिशवीत भाकरी भरत होते. भरतच राहिले.

आज सांगते.

कंपनीच्या कागदावर लिहिलंय की तुझा धर्मसिंग पाळी संपवून बाहेर आला होता आणि न विचारता परत आत गेला. त्यावरूनच ‘पिऊन गेला असंल’ हे निघालं. तो बाहेर आलाच नव्हता, प्रतिक्षा.

बोगद्याच्या तोंडाशी एक फळी असते. आत जाताना प्रत्येकानं आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला तिच्यावरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर आपल्याच हातानं काढायचा. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. धर्मसिंगनं आपला बिल्ला दोनदा हरवला. दुसऱ्यांदा साहेबानं त्याला आठ दिवस कामावर घेतलं नाही. तेव्हा मीच ह्यांना फोनवर म्हणाले, ‘लेकरावानी हाय तो. त्याचा बिल्ला तुमीच सांभाळत जा.’ तेव्हापासून दोघांचे बिल्ले हेच लावायचे, हेच काढायचे.

त्या दिवशी पाळी सुटली. धर्मसिंग म्हणाला, दादा, तू हो पुढं, अडकलेलं ड्रिल काढून मागच्या गाडीनं येतो. हे बाहेर आले, दोन्ही बिल्ले काढून खिशात टाकले आणि खोलीवर जाऊन झोपले. अर्ध्या तासात आतलं छत कोसळलं. साहेबांनी फळी पाहिली. एकही बिल्ला नव्हता. आत कुणी नाही म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले, आणि ढिगारा उपसायची यंत्रं उभीच राहिली.

ह्यांना जाग आली ती तीन तासांनी. कपडे घालताना हात खिशात गेला. धावत जाऊन ओरडले, माझा भाऊ आत आहे. पण फळी रिकामी कशी, हे नाही सांगितलं. परत आत गेला असेल, असं साहेबांनीच ठरवलं, आणि हे गप्प राहिले. घरी येऊन मला सांगितलं. मग मीही गप्प. पाच महिने. बाजारात बायका तुला टोचत होत्या, आणि मी माझं कुंकू सांभाळत बसले होते.

आणखी एक आहे. ते लिहायला तीन दिवस लागले.

त्याला काढलं तेव्हा त्याच्या अंगावर दगड नव्हता. भिंतीला टेकून बसलेला होता, गुदमरून. टोपीवरचा दिवा त्यानं स्वतः बंद करून ठेवला होता. बॅटरी पुरवायची होती त्याला. कुणीतरी येतंय असंच तो धरून बसला होता.

हे पत्र साहेबाला दाखव, पोलिसांना दाखव. तुझ्या माणसावरचा डाग त्याशिवाय जायचा नाही. इकडे काय व्हायचं ते होईल. ह्यांना वाचून दाखवलं. कागद माझ्या हातून घेऊन पाहिला. मग म्हणाले, ‘ह्यांना, ह्यांना काय लिहून राहिली? साहेबाला काय कळंल? माझं नाव लिही.’

लग्नाच्या उखाण्यानंतर मी ते कधी उच्चारलं नाही. लिहिणं तर दूरच.

धर्मसिंगचा बिल्ला वसरामनं काढला. काढायला मी सांगितलं होतं.

उत्तर पाठवू नकोस. अनुश्रीला जवळ घेऊन झोपत जा.

कालपर्यंत तुझी जाऊ होते,
चांगुणा