इयत्ता सहावीचे भडंग

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप सौ. अक्काताई यांस,

कोल्हापुराहून नेमिनाथचा सविनय जय जिनेंद्र. (धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने थोरलीला 'तीर्थस्वरूप' लिहावे काय, याविषयी मतभेद संभवतो. परंतु सुमतीला भाऊ नसल्यामुळे आमच्या लग्नातील कानपिळीचा मान आपण बजावला होता, आणि तो ज्या जोराने बजावला होता ते पाहता आपले स्थान वडीलधाऱ्यांतच आहे, असे मी तेव्हापासून धरून चाललो आहे.) आपले गुडघे कसे आहेत? आप्पासाहेबांचा खोकला उतरला काय? पारसच्या दुकानाला निपाणीत बरकत असावी. माझी प्रकृती उत्तम आहे. सुमती गेल्यापासून जो तो माझी प्रकृती विचारतो आणि मी 'उत्तम' म्हटले की किंचित नाराज होतो. म्हणून अलीकडे मी 'ठीक' म्हणतो, त्याने दोन्ही पक्षांचे समाधान होते. या पत्रास विशेष कारण नाही. ख्यालीखुशाली कळवावी, एवढाच हेतू.

सुमती ज्या शाळेत शिकवीत असे, तिचे सचिव सम्राट शेटे आपल्याला आठवत असतील. समाचाराला आले होते. पांढरा सदरा, हातात दोन मोबाइल. ते गेल्या महिन्यात पुन्हा घरी आले आणि म्हणाले, "सर, एकटं बसून काय करतासा? मन रमवायला या की शाळंत." मन रमवण्यासाठी माणसे तीर्थयात्रा करतात, नातवंडांकडे जातात, गेला बाजार पन्हाळ्यावर जाऊन हवा खाऊन येतात. मला सहावी ते आठवीचा अभ्यासक्रम आखायला देण्यात आला. मी जन्मभर महाविद्यालयात गणित शिकवले. सहावीतले मूल मी शेवटचे जवळून पाहिले ते स्वतः सहावीत असताना. परंतु हीच माझी पात्रता ठरली. सम्राटरावांच्या मते ज्याला मुले ठाऊक असतात तो मुलांचाच विचार करीत बसतो आणि आराखडा राहून जातो.

सम्राटराव नुकतेच पुण्याहून कसलेसे प्रशिक्षण घेऊन परतले होते. तेथे त्यांना मंत्र मिळाला होता की विषयसूत्र एकच घ्यावे, सगळे विषय त्याच्यातून शिकवावेत, आणि परीक्षा अशी वेगळी न घेता विद्यार्थ्याचे मूल्यमापन क्षणोक्षणी करीत राहावे. (कर्मसिद्धान्तानंतर इतके सातत्यपूर्ण मूल्यमापन माझ्या ऐकिवात नाही, आणि कर्मसिद्धान्तालाही निकाल लावायला काही जन्म लागतात.) सूत्र ठरवण्यासाठी शिक्षकांची सभा भरली. विज्ञानाच्या रुबीनाबाईंनी गगनबावड्याचा पाऊस सुचवला. तो मोजायला कोण जाणार, या मुद्द्यावर तो वाहून गेला. इतिहास आणि शारीरिक शिक्षण अशी दोन खाती सांभाळणाऱ्या विजयसिंहांनी पन्हाळा सुचवला. पन्हाळ्याला सहल जातेच, मग वेगळा अभ्यास कशाला, म्हणून तोही पडला. चहाबरोबर परातीत भडंग ठेवले होते. दोन तासांत ज्या एका गोष्टीकडे सर्व विषयांच्या शिक्षकांचे हात एकमताने वळले ती तीच होती. सम्राटरावांनी परातीकडे पाहिले, मग छताकडे पाहिले, आणि "मिळालं!" असे म्हणाले. अशा रीतीने इयत्ता सहावीचे पहिले सत्र भडंगाला वाहण्यात आले.

एकदा भडंग म्हटल्यावर विद्वत्तेला उधाण आले. गणितात शेंगदाणे व चुरमुरे यांचे गुणोत्तर. विज्ञानात तांदूळ फुगतो कसा. भूगोलात भात पिकतो कुठे. मराठीत भडंगाचे आत्मवृत्त. चित्रकलेत भडंगाचा ढीग (म्हणजे ठिपके, चित्रकलेच्या शिक्षकांना हे सत्र हलके जाईल). शारीरिक शिक्षणात चमच्यात भडंग घेऊन धावणे. इतिहासाचे अडेल असे मला वाटले होते, परंतु विजयसिंहांनी पन्हाळ्याच्या वेढ्यातील मावळ्यांच्या कमरेला भडंगाची पुरचुंडी बांधून दिली. मी पुरावा विचारला. त्यावर ते म्हणाले, "पुरावा कशाला पायजे सर? चार म्हैनं येढ्यात बसल्यावर भूक लागली नसंल व्हय?" युक्तिवाद खोडता येईना, सबब तो इतिवृत्तात गेला. श्रेण्यांना गुण म्हणणे मुलांच्या मनाला लागते, म्हणून त्यांना बीज, अंकुर, रोप आणि वृक्ष अशी नावे दिली गेली. म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्याला नापास न म्हणता बीज म्हणायचे आणि घरच्यांनी पाणी घालत राहायचे.

आता मुख्य गोष्ट. इतके भडंग इतक्या विषयांत विभागल्यावर मूल्यमापनाला वेळ उरेना. तेव्हा सम्राटरावांनी वेळापत्रकावरून बोट फिरवले आणि ते कार्यानुभवाच्या आठवड्यातील दोन तासिकांवर थांबले. कार्यानुभव म्हणजे सुमतीचा विषय, हे आपल्याला सांगायला नको. त्या दोन तासिकांत तिने कोल्हापुरातील किती मुलांना (मुलग्यांनासुद्धा, पालकांच्या तक्रारी सहन करून) बटण लावायला, कणीक मळायला आणि उशीचा अभ्रा शिवायला शिकवले, याची गणती नाही. त्या तासिका मूल्यमापनास द्याव्यात, असे ठरत होते. मी उठून एवढेच निदर्शनास आणले की, ज्या एकमेव तासाला मुलांनी प्रत्यक्ष भडंग केले असते, तो तास आपण भडंगाचे मूल्यमापन करण्यासाठी रद्द करीत आहोत. सभेत शांतता पसरली. मला वाटले, मुद्दा पटला. प्रत्यक्षात सगळ्यांच्या तोंडात घास होता.

सम्राटराव मनाचे वाईट नाहीत. ते म्हणाले, "सर, तुमचं म्हणणं बरोबर असंल. पण दोन तासिकांत करणं, खाणं, मोजणं, सगळं बसतंय व्हय? तुम्ही करून दावा. बसलं तर तासिका तुमच्या." वास्तविक या जागी कोणीही शहाणा मनुष्य खाली बसला असता. माझा स्वयंपाकाचा अनुभव आपल्याला विदित आहे. सुमतीच्या तेराव्याच्या सुमारास मी आपल्यासाठी केलेला चहा आपण कुंडीत ओतलात, तो मी खिडकीतून पाहिला होता. तरीही मी "मान्य" म्हणालो. ती नसताना तिच्या तासिका कोणी अशा बोटाने उचलून न्याव्यात, हे मला सहन झाले नाही. (हे वाक्य जरा भावनाप्रधान झाले आहे. क्षमस्व.)

काल शनिवारी शाळेच्या सभागृहात प्रयोग झाला. मी विद्यार्थी, पाच विषयांचे पाच शिक्षक हातात तक्ते घेऊन परीक्षक. नियम असा की प्रत्येक टप्प्यानंतर विद्यार्थ्याने थांबावे आणि सर्व परीक्षकांचे रकाने भरून झाल्यावरच पुढे जावे. चुरमुरे चाळले, थांबलो. शेंगदाणे निवडले, थांबलो. लसूण नसल्याचे पाहून विजयसिंह कळवळून म्हणाले, "सर, बिनलसणाचं भडंग म्हंजे बिनशेपटीचं वासरू की ओ!" मी त्यांना आमचा धर्म आणि माझी प्रकृती या दोन्ही बाजूंनी उत्तर दिले. त्यानंतर कढईत तेल तापले आणि मी नियमाप्रमाणे थांबलो. मराठीच्या दीपाबाईंना 'तेल तापणे' हा टप्पा भाषिक कौशल्यात कुठे बसवावा ते कळेना. गणिताच्या रकान्यात तेलाची जाडी लिहायची की माप, यावर चर्चा सुरू झाली. तेल धूर सोडू लागले. रुबीनाबाई ओरडल्या, "सर, गॅस बारीक करा! गॅस!" परंतु गॅस बारीक करणे हा टप्पा तक्त्यात नव्हता, आणि नियम तो नियम. मी झारा हातात धरून ताठ उभा राहिलो. अखेर शेवटची सही झाली आणि मी पुढील टप्प्यानुसार वाटीभर तिखट तेलात सोडले.

त्यापुढील वर्णन मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, कारण डोळे मिटले होते. खोकल्याच्या आवाजावरून इतके कळले की परीक्षक प्रथम बाहेर पडले, मग कार्यालय, मग तळमजल्यावरचा पाचवीचा वर्ग. थोड्याच वेळात अख्खी शाळा मैदानावर उभी होती. विजयसिंहांनी प्रसंगावधान राखून ही आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम असल्याचे जाहीर केले आणि शाळेला वृक्ष ही श्रेणी दिली. मला बीज मिळाले.

सम्राटराव डोळे पुशीत माझ्याजवळ आले. मी त्यांना सांगितले की मी अटीत हरलो, तासिका आपण घ्याव्यात. ते बराच वेळ खोकले आणि म्हणाले, "न्हाय सर. खरं सांगू? आजवरच्या सगळ्या सादरीकरणांत जो तो मोबाइल बघत बसलेला. आज एकानं बी खाली मान घातली न्हाय. तासिका ऱ्हाऊ देत. पण शिकवणार कोण, तेवढं पुढल्या सोमवारच्या आत सांगा. तुम्ही मात्र नको. इमारत जुनी हाय."

तर असा हा नव्या शिक्षणाचा महिमा. आमच्या वेळी मास्तर एक छडी मारीत आणि विषय संपत असे. आता पाच जण पाच रकाने भरतात आणि तेल जळते. असो. आपल्या घरातील थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. मधल्या वयाच्यांनी दोहोंतून झेपेल ते घ्यावे.

आपला नम्र,
नेमिनाथ

ता. क. आपण चौकशी करालच, म्हणून आधीच कळवतो. रकाने भरून होईपर्यंत थांबण्याचा नियम मी केला होता. बीज, अंकुर वगैरे नावेही माझीच. मूल्यमापन काटेकोर असावे, असे माझे मत होते आणि अजूनही आहे.

पुनश्च ता. क. पत्रास विशेष कारण नाही असे वर लिहिले आहे, ते सौजन्याचे समजावे. सुमती नेहमी म्हणे की तिला जे येते ते अक्काने मारून मारून शिकवले. आठवड्यातून एकच दिवस, लागोपाठ दोन तासिका. निपाणीची गाडी शाळेजवळ थांबते. वर्ग तळमजल्यावर आहे, म्हणजे गुडघ्यांची सबब चालणार नाही. आपण याल काय?

आणखी एक. शिक्षकांच्या खोलीतील फळ्यावर त्या दोन तासिकांपुढे अजून सुमतीचे नाव आहे, माहेरच्या आडनावासह. पुसायचे काम कोणी अंगावर घेत नाही. पुढल्या सोमवारी तिथे 'मूल्यमापन' लिहायचे ठरले, तर त्यांना पुसायला दुसरा माणूस शोधावा लागेल. आपले नाव लिहायचे असेल, तर मी पुसतो. आपले नाव शिक्षणखात्याला हवे तसे पूर्ण, माहेरच्या आडनावासह, कळवावे.