माझ्या वाट्याचा जिना

मी, खाली सही करणारी, धंद्याने वेताच्या खुर्च्या विणणारी, वय वर्षे एकाहत्तर, डोळ्यांनी जरा अधू पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. दडपण आणून पाहणारे दोघेही माझे सख्खे भाऊ आहेत आणि दोघेही थकले आहेत.

कलम १. मिळकत. वडील गेल्यावर त्यांच्या दुमजली घराची वाटणी झाली. वरचा मजला दादाने घेतला, तळमजला धाकट्याने. कागद पुरा होत आला तेव्हा काकांनी विचारले, "आणि हिला काय?"

दादा म्हणाला, "हिला जिना द्या. येता-जाता भेट तरी होईल."

सगळे पोट धरून हसले. ते हसणे ओसरायच्या आत मी सही केली आणि त्याच आठवड्यात रीतसर नोंदणीही करून घेतली. तेव्हापासून जिना, त्याचा मधला टप्पा आणि जिन्याखालची खोली माझ्या एकटीच्या मालकीची आहे. त्या खोलीत मी राहिले, खुर्च्या विणल्या, कोणापुढे हात पसरला नाही. त्या दिवशीचे हसणे मात्र मी विसरलेले नाही, हे इथे स्पष्ट नमूद करते.

कलम २. वाद. गेल्या वर्षी भावांनी घर विकायला काढले. एका डॉक्टरीणबाईंना ते दवाखान्यासाठी पसंत पडले. दोघांनी किमतीचे दोन सारखे वाटे ठरवूनही टाकले. मला विचारायचे कोणाला सुचले नाही. मग दलाल घर बघायला आला.

"वर जायचं कुठून?"

"जिन्यानं," दादा म्हणाला.

"मग जिना कोणाच्या नावावर?"

दोघांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी समोरच विणत बसले होते, मान वर केली नाही. त्या दिवशी मला साधे जेवणसुद्धा गोड लागले.

पुढे दोघे वेगवेगळे येऊ लागले. धाकटा म्हणे, "ताई, जिना माझ्या नावावर कर, दादाला सरळ करतो." दादा म्हणे, "अगं, मला दे. त्याला काय कळतंय?" जिना त्यांना चढायला नको होता, एकमेकांना अडवायला हवा होता. मी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावले.

कलम ३. जिना. माझ्या पश्चात जिना, टप्पा आणि खोली माझ्या दोन भाच्यांना, म्हणजे दादाची मुलगी आणि धाकट्याची मुलगी यांना, समाईक मिळावी. मुलींना जिना देण्याची रीत या घरात माझ्या भावांनीच पाडली. ती मोडणारी मी कोण? घर विकायचे झाल्यास किमतीचे तीन सारखे वाटे व्हावेत: वरचा मजला, तळमजला आणि जिना. विक्री माझ्या हयातीत झाली तर तिसरा वाटा माझा, माझ्यामागे तुमचा. पोरींनो, एक पैसा जरी कमी दिसला तरी सही करू नका. बापाने डोळ्यांत पाणी आणले तरी नाही.

कलम ४. किरकोळ. माझी हत्यारे आणि वेताच्या जुड्या धाकट्याच्या मुलीला. बापाची पाठ फिरली की ती माझ्याजवळ बसून विणायला शिकली, आणि तिची वीण आता माझ्यापेक्षा घट्ट बसते. बँकेतली शिल्लक दादाच्या मुलीला. तिने ती फिरण्यात उडवावी, हिशेब कोणाला देऊ नये. भावांना काही नाही. दोघांवरचा राग मी आज सोडला आहे, तेवढा त्यांनी गोड मानून घ्यावा.

कलम ५. साक्षीदार. वकीलबाईंनी बजावले आहे की मृत्युपत्राला जो साक्ष देतो, त्याला त्यातून काही घेता येत नाही. म्हणून मी दोन्ही भावांनाच बोलावले आणि हा मजकूर मोठ्याने वाचला.

दादाने वकीलबाईंना विचारले, "म्हणजे यानं सही केली, तर याला जिना कधीच मिळणार नाही?"

"नाही."

"मग घ्या त्याची सही!"

"आधी दादाची घ्या," धाकटा म्हणाला.

हे लिहीत असताना दोघे एकमेकांच्या हातात पेन कोंबत आहेत. मी जिंकले आहे, आणि हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे.

ठिकाण: माझ्या जिन्याचा मधला टप्पा
दिनांक: पाच नोव्हेंबर
सही: जिन्याची मालकीण

साक्षीदार पहिला: थोरला भाऊ, वरचा मजला. जिना आम्ही हसण्यावारी दिला होता, हे खरे आहे. तीन वाटे मान्य.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, तळमजला. मान्य. दादाची सही झाल्याची खात्री करून मगच सही केली.