पूजलेला बाक

१९ ऑक्टोबर १९९३, मंगळवार

आलं एकदाचं व्यायामाचं सामान! पोटाचा उतरता बाक, कमरेचा घोडा, उभं राहून गरकन वळायच्या तबकड्या, दोन मुठींची चाकं. जळगावात असलं कुणी पाहिलेलं नाही. तीनशे सभासदांच्या एवढ्या मोठ्या क्लबात हे शिकून आलेली मी एकटीच — पुण्याला आठ दिवस राहिले ते काय उगीच!

सेक्रेटरी रतिलालभाऊंनी मात्र आनंदावर विरजण घातलं. "लताबाई, सामान तुमच्या हट्टापायी घेतलं. दिवाळीपर्यंत बायकांची दुपारची बॅच वीसवर गेली पाहिजे. नाहीतर बॅच बंद, तिथे टेबल टेनिस."

आज आहेत अकरा. टेबल टेनिस म्हणे! लग्नानंतर नऊ वर्षांनी माझं म्हणावं असं काम मिळालंय. ते त्या टिचभर चेंडूला देऊ?

२४ ऑक्टोबर, दसरा

क्लबामागच्या आखाड्यात झिपरूआबा मुद्गल पुजत होते. साठी उलटलेले वस्ताद. माझ्या बाकाला "लोखंडनी खाट" म्हणतात. मला चेव आला. मीही पूजा मांडली! हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचे हार. बाकावर पाय अडकवायचे दोन गुबगुबीत रूळ आहेत, त्यांवर कुंकवाची स्वस्तिकं काढली. नारळ फोडला. आबांच्या मुद्गलांपेक्षा माझीच पूजा उठून दिसत होती. उद्यापासून धडाका!

२५ ऑक्टोबर

कसला धडाका! धुरपदाबाई — धरणगावची, बॅचमधली सगळ्यात धीट — बाकापाशी गेली, नमस्कार केला आणि मागे सरली.

"पुजेल शे ना हाई! हाईले पाय कसा लावू माय?"

बाकीच्या दहाजणींच्या माना डोलल्या. मी कुंकू पुसलं, तर म्हणे, "आते तं आखो पाप!" म्हणजे पुसल्याने पाप आणखीच वाढलं! शेवटी मीच पाय अडकवून दाखवला. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

२८ ऑक्टोबर

पुरुषांचंही तेच. बाकाला हात लावतात, कपाळाला लावतात आणि डंबेल्सकडे जातात. आज बाकासमोर कुणीतरी उदबत्ती लावून गेलंय. उदबत्ती!!

१ नोव्हेंबर

दोघी सोडून गेल्या. नऊ उरल्या. रतिलालभाऊ येऊन टेबलासाठी जागेची मापं घेऊन गेले.

दोष कुणाला देऊ? आबांशी ईर्ष्या करायला गेले आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. भांडी घासताना रडले. नळ चालू होता, कुणाला कळलं नाही.

३ नोव्हेंबर

नाक मुठीत धरून आबांकडे गेले. सगळं सांगितलं. किती हसावं माणसाने! मग म्हणाले, "आम्ही मातीले पुजतस ना? मंग तिनामाच लोळतस ना? हात लावाना, माफी मांगानी, उतरी जावानं!"

दुपारी बायकांच्या वेळेला स्वतः दाराशी आले. "येऊ का बाई?" विचारून आत आले. बाकाला हात लावला, कपाळाला लावला, रुळांत पाय अडकवले आणि आडवे झाले. खाली डोकं, वर पाय — एवढे मोठे वस्ताद! सात वेळा उठले. आठव्याला तिथेच अडकले. कंबर धरली, चेहरा लाल. मी हळूच म्हटलं, "आबा, हिसका नको. श्वास सोडत उठा." उठले! पुन्हा आडवे झाले आणि श्वास सोडत आणखी एकदा उठले.

"सरका आबा, मना नंबर!" धुरपदाबाई ओरडली. हात बाकाला, हात कपाळाला — आणि पाय रुळात!! मग तर नंबरावरून भांडणं. मला त्या भांडणांचा इतका आनंद झाला की सोडवलीच नाहीत.

८ नोव्हेंबर

चौदा. धुरपदाबाई अख्खी गल्ली घेऊन येतेय. "बठ्ठा बायास्ले सांगी ठेयेल शे," म्हणाली.

११ नोव्हेंबर

तेवीस! रतिलालभाऊंनी दोनदा मोजलं. बॅच राहिली. राहिली! चकल्या सगळ्या बिघडल्या, तरी गाणं म्हणत तळल्या.

१२ नोव्हेंबर

आज रतिलालभाऊ बोलताना चाचरत होते. आबांचं ऐकून सकाळच्या बॅचमध्ये पुरुषही बाकावर चढले, आणि हिसके मारून मारून त्यांनी कंबरा धरून घेतल्यात. दाखवणारं कुणी नाही. कमिटीत आबाच म्हणाले म्हणे, "लताबाईले बलावा."

सोमवारपासून सकाळी सहा. सत्तर पुरुष. शिकवणार मी!

आबा पहिल्या रांगेत उभे राहणार आहेत. निघताना दारात थांबून मला म्हणाले, "बाईना समोर लंगोट बरा दिसाव नही. पँट शिवाले टाकेल शे."