वाचल्याशिवाय अंगठा नाही

९ जुलै १९८०

'करडी गावच्या बायांनो, आपली शकुन गुन्ह्यापायी आत नाही. जामीनदार नाही म्हणून आत आहे. पैसेवाला सकाळी धरला गेला तर संध्याकाळी घरी जेवतो. आपल्या माणसाला कोर्ट जामीन मंजूर करतं, तरी तो आतच. आज तिची पाळी, उद्या तुमची.'

उद्याच्या सभेची सुरुवात अशीच करायची. पुढे बिहारच्या कच्च्या कैद्यांचं सांगायचं – गेल्या वर्षी सुप्रीम कोर्टानं त्यांना जातमुचलक्यावर, म्हणजे ज्याच्या त्याच्या शब्दावर, सोडायला लावलं. आपल्या राज्यात तसा कायदाच व्हावा, हा अर्ज. त्यावर गावोगावचे अंगठे घ्यायचे आणि हिवाळ्यात नागपूरला, विधानसभेत पोचवायचा.

१० जुलै

सभा झाली. टाळ्या पुष्कळ. अंगठा एकीचाही नाही! शाईची डबी नेली तशी परत आणली. धानाच्या रोवण्याची, म्हणजे लावणीची, घाई असेल, अशी मनाची समजूत घातली.

१२ जुलै

तुरुंगात शकुनला भेटून आले. एप्रिलमध्ये अंगणात मोहफुलं वाळत होती, घरात हंडा होता – म्हणून पोलिसांच्या मते ती दारू गाळते! हंडा कोणाच्या घरी नसतो? जामीन मे महिन्यातच मंजूर झालाय. पण जामीनदार शेतवाला हवा, आणि विधवेसाठी शेतवाला पुढे येत नाही.

तिनं एकच सांगितलं. 'बाई, येत्या एकवीस तारखेले मी कोर्टात हो म्हनून टाकीन.'

'तू गाळलीस का?'

'नाई ना. पर हो म्हनली असती तं थोडकी सजा भोगून आतापावेतो सुटूनबी आली असती. वकीलच म्हनत होते.'

आम्ही मुलांना शाळेत शिकवलं – खरं बोलावं. आणि इथं खोटं बोललं की दार उघडतं.

१३ जुलै

रंभाबाई जामीन राहायला तयार! रोवण्याच्या टोळीत पुढे तीच असते. नवऱ्यामागं धानाच्या दोन बांध्या – दोन खाचरं – तिच्या नावावर आहेत. म्हणाली, 'शकुन माया बाजूले रोवते. मी नाई जाईन तं कोन जाईन?' उद्या सकाळच्या मोटारीनं तालुक्याला.

१४ जुलै

काय दिवस!

सगळं जमलं होतं. वकील भैयाजी – फी घेत नाहीत, टोमणे मात्र भरपूर देतात – त्यांनी कागद तयार ठेवला होता. कारकुनानं शाईचा पॅड पुढे केला. आणि रंभाबाईनं हात पदराखाली घेतला.

'काहून, रंभाबाई?'

'तुमीच तं सांगतलं, बाई. कोर्ट असो का कचेरी, आंगठा द्याचा नाई.'

मी सांगितलं होतं! उन्हाळ्यात फौजदारानं गावातल्या गोपीचंदचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला आणि मग त्यावर कबुलीजबाब लिहिला. तेव्हापासून प्रत्येक सभेचा शेवट मी एकाच वाक्यानं करत होते – 'अंगठा देऊ नका!' बाया ते घोकून बसल्या. दहा तारखेच्या सभेत अंगठे का मिळाले नाहीत, ते आज कळलं.

'तो कोरा कागद होता. हा लिहिलेला आहे,' मी म्हटलं.

'मले तं दोन्ही सारखेच दिसतेत.'

तेवढ्यात मॅजिस्ट्रेट साहेब उठले, त्या दिवसाचं काम संपलं. भैयाजी चष्मा पुसत म्हणाले, 'उषाबाई, तुमचं भाषण लागू पडलं बरं का. फार लवकर पडलं.'

मोटारीत रंभाबाई माझ्या शेजारी बसली होती. रागावलेली नव्हती. घाबरलेली होती – माझ्याहून जास्त. बांध्या गेल्या तर तिला दुसरं काय आहे?

१६ जुलै

तिला सभा नको होती, कागद हवा होता. भैयाजींकडून मुचलक्याची नक्कल आणली आणि थेट बांधीवर गेले. टोळी चिखलात वाकलेली. धुऱ्यावर – शेताच्या बांधावर – उभी राहून अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचलं. हातवारे नाहीत, चढउतार नाहीत. इतकं सपाट मी जन्मात बोलले नव्हते.

कंबर सरळ करून टोळीतल्या देवकाबाईनं विचारलं, 'शकुन पळून गेली तं?'

'तर लिहिलेली रक्कम रंभाबाईनं भरायची.'

'अन् बांध्या?'

खोटं बोलणं सोपं होतं. म्हटलं, 'रक्कम भरली नाही, तर बांध्यांवर येऊ शकतं.'

पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी हातात तशीच धरून रंभाबाई हसली. 'शकुन कोठी पळते? तिले मोटारीत बसलं का उलटी होते.' सगळी टोळी हसली. मग रंभाबाई म्हणाली, 'येतो मी. पर तिथंबी असंच वाचून दाखवाले लावजा.'

२१ जुलै

सुटली! शकुन सुटली!

कारकुनानं पॅड पुढे केला. रंभाबाई म्हणाली, 'पैले वाचा.' तो म्हणाला, 'वकिलांनी वाचलाय.' 'आंगठा वकिलाचा घेता का?' तिच्यामागं अख्खी टोळी, पायांना चिखल वाळलेला. साहेबांनी मान वर केली. 'वाचा,' म्हणाले. कारकून पुटपुटू लागला. मागून देवकाबाई – 'आयकू नाई येत.'

त्यानं मोठ्यानं वाचलं. रंभाबाईनं शांतपणे अंगठा दिला. शकुनला गुन्हा कबूल करावा लागला नाही. खटला चालेल तेव्हा चालेल, तिनं उभं राहून 'मी केलं नाही' म्हणावं.

संध्याकाळी तुरुंगाच्या दारातून ती बाहेर आली. पहिला शब्द – 'रोवना झाला का?'

'तुयी रोवन्याची पात ठेवली आहे,' रंभाबाई म्हणाली. 'फुकटात नाई बसू देत तुले.'

दोघी हसत होत्या. मी लांब जाऊन डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरला.

२४ जुलै

अर्जावर अंगठे पडायला लागले. आधी धुऱ्यावर वाचन, मग प्रश्न, मग शाई. एका गावाला एक दुपार जाते. जाऊ दे. सभेचा शेवट बदलला – 'वाचल्याशिवाय अंगठा नाही.'

२६ जुलै

मला नोटीस आली. सभांमुळे शांतता बिघडते म्हणे – सोमवारी हजर राहून शांतता राखण्याचा मुचलका द्या, सोबत जामीनदार आणा. नाहीतर आत. माझी भाड्याची खोली आणि भिंतभर पुस्तकं. नावावर एक बांधीही नाही.

दिवेलागणीला तिघी आल्या. रंभाबाई, देवकाबाई, मागं शकुन. मी म्हटलं, 'रंभाबाई, तुमच्यावर आधीच एकीचा भार आहे.'

'मीच काहून? आता देवकाची पारी. तिच्याबी नावावर बांधी आहे.'

देवकाबाई उंबऱ्यातच बसली. मी नोटीस तिच्या हातात दिली. तिनं ती शकुनकडे दिली, आणि शकुननं परत माझ्यापुढे धरली.

'वाचा, बाई. जोरानं वाचा.'