गल्लीतलं पहिलं खडीचं अंगण

२ ऑगस्ट, सकाळी ६
हिशेब केला. दारापुढच्या लॉनने माझे एकतीस वर्षांतले सगळे शनिवार खाल्ले. कापणीला दर खेपेला तीन तास. लेकीचे, कॉरिनचे, शाळेतले सामनेही शनिवारीच असायचे. मी एकूण दोन पाहिले.
आता ती धरणाचं पाणी मोजते. म्हणते, डॅड, इथे तलाव आटतोय आणि तुम्ही वाळवंटात कुरण पोसताय. ते आहे तोवर पोराला घेऊन तुमच्या दारात येणार नाही. नातू तीन वर्षांचा झाला. मी त्याला फोनवरच पाहिलाय.
ठराव: लॉन बंद. खडी, निवडुंग, वाळवंटी झुडपं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला कॉरिनने बघत राहावं. गल्लीत असं अंगण करणारा पहिला मी.

५ ऑगस्ट
लॉन काढलं की पाणीखातं अनुदान देतं. अर्ज भरला. त्यांचा माणूस आधी पाहून जाणार म्हणे. कार्पेटचं दुकान मी वाट बघत बसून उभं केलं नाही. आजच लॉनचं पाणी तोडलं. ओपल म्हणाली, अर्जाची मागची बाजू तरी वाच. बायकोला मागची बाजूच दिसते.

२९ ऑगस्ट
लॉनचं गोणपाट झालंय. कुंपणापलीकडे शेजारी डेलबर्ट त्याच्या बायकोला सांगत होता, कार्पेटवाल्याने माल उन्हात टाकलाय बघ, गिऱ्हाईक नाही वाटतं! माझे कान शाबूत आहेत.

१६ सप्टेंबर
पाणीखात्याची बाई आली. बुटाने गवत टोकरलं. म्हणाली, सर, हे मेलंय. म्हटलं, मीच मारलंय! म्हणाली, मेलेलं लॉन पाणी पीत नाही, मग ते काढून वाचणार काय? मागच्या बाजूला लिहिलंय. जिवंत करा, मग बोलवा.
पुढची तारीख ४ डिसेंबर.
ओपल म्हणाली, अनुदान गेलं खड्ड्यात, खडी टाक आणि पोरीला घरी येऊ दे. प्रश्न पैशांचा नाही. मला आजवर कुणी नापास केलेलं नाही.

१७ सप्टेंबर
दिवसातून चारदा पाणी. तात्पुरतं.

१२ ऑक्टोबर
मुळंच गेलीत. हिवाळी गवताचं बी पेरलं, दोन पोती. वर खत. डेलबर्टकडे खडीचा ट्रक आला. तपासणीत त्याचं लॉन जिवंत निघालं. माझीच नक्कल, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
गल्लीत खडीचे आणखी ट्रक येतायत. येऊ देत. माझं गवत असं माजलंय की गाड्या थांबतात. कॉरिनला फोनवर म्हटलं, सरप्राइझ आहे. तिने विचारलं, खरंच काढलंत, डॅड? म्हटलं, ये आणि बघ. मग म्हणाली, चार दिवस राहू आम्ही.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
आली. म्हणाली, गल्ली ओळखूच येईना, हिरवं दिसलं म्हणून घर सापडलं. मी सगळं समजावलं: मागची बाजू, बाई, ४ डिसेंबर. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नातू बूट काढून गवतात लोळत होता. तिने त्याला उचललं, पाय पुसले, बूट घातले. ओपलने सणाची पाई बांधून दिली, भोपळ्याची, आख्खी. निघालेल्या गाडीतून नातवाने हात हलवला. मला की गवताला, कळलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
ओपलने पाहुण्यांची खोली आवरून टाकली. तीन तास कापणी. गल्लीत अकरा घरं. दहा घरांपुढे खडी.