निळ्या ताटलीच्या भेगा

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोडून टाका. निळी इटालियन ताटली माझ्या हातून तडकली, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे.

मालकांच्या संग्रहातली ही जुनी मातीची भांडी पुसणं माझं काम, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांच्या आतल्या तळाशी काच वितळवून बसवलेली असते. त्या काचेत भेगा दिसल्या, मालक ओरडले आणि मी आपल्या घरच्या सवयीने ‘माझं चुकलं’ म्हणून मोकळी झाले. तुम्हीच शिकवलंत ना, आधी कबूल करायचं, मग बघायचं?

काल बघितलं. तुम्ही आपल्या भट्टीपाशी भांडी तपासताना दाखवायचात तसं भेगांवरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. भेगा काचेच्या आत आहेत, ताटली भट्टीतून काढल्यावर निवतानाच पडलेल्या. खरेदीच्या वेळच्या फोटोतही त्याच दिसतात.

फोटो दाखवला तर मालक हसले. "माहीत आहे गं मला. पण घाबरलेली माणसं भांडी जपून हाताळतात. राहू दे ती चिठ्ठी."

ताटलीखाली त्यांनी चिठ्ठी लावली आहे: ‘मदतनीस मुलीच्या हातून तडा.’ महिनाभर मी तिच्यासमोर मान खाली घालून वावरले, बाबा. एवढा संताप मला कधीच आला नव्हता, थोडा तुमचाही आला.

जेवण वेळेवर होतं, काळजी नको. आईचा गुडघा कसा आहे? तिला इतक्यात काही सांगू नका.

संग्रह बघायला पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर तो फोटो ठेवून मी ती चिठ्ठी फाडणार आहे, येत्या गुरुवारी, अकरा तारखेला.

तुमची लेक