ब्रेकला तेल लावणाऱ्या माणसाविषयी

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या डोक्याच्या बरोबर बारा फूट वरून धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार खालून वर करायचा असतो हे गुरुजींनी आपल्याला शिकवलं आहे. पण तुमच्या इमारतीच्या लिफ्टची मशीनरूम गच्चीवर आहे आणि तुझं घर नेमकं तिच्याखाली, त्याला माझा इलाज नाही. मी तुझ्या डोक्यावर बसलोय असं तू फोनवर म्हणालीस, ते आज पहिल्यांदाच खरं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला मला इथवर ऐकू येतो, म्हणजे ते ठणठणीत असावेत. आजारी असले की ते खोकत नाहीत, नुसते कण्हतात. शब्द मागे घेईपर्यंत माझ्या उंबरठ्याच्या आत पाय टाकू नकोस, असं तू बजावलंस. पत्राच्या पायाबद्दल तू काही बोलली नव्हतीस, म्हणून हे दाराखालून सरकवतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भाचेबुवा टीव्हीसाठी लिहितात त्या मालिकेवर लिहायची हौस मला नव्हती. आमच्या कंपनीत स्टोअरकीपर दर महिन्याला भिंतीवर एक पत्रक लावतो. त्यात कोणाच्या मुलीला किती टक्के पडले, कोणाचं टक्कल पूर्ण झालं, असा मजकूर असतो. त्याने मला चिठ्ठी पाठवली, ‘भाच्याच्या मालिकेच्या सहाव्या भागाचं परीक्षण मंगळवारपर्यंत द्या.’ आता तूच सांग, सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला ‘भाग’ म्हटल्यावर काय आठवणार? भाग म्हणजे जो खोलून बघायचा, आणि परीक्षण म्हणजे जे करून खाली सही ठोकायची. आमच्याकडे परीक्षणाचा एकच छापील तक्ता असतो: दोष, धोका, उपाय. मी तोच घेऊन टीव्हीसमोर बसलो. वर्तमानपत्रातले लोक परीक्षणात मनाला येईल ते लिहितात आणि शेवटी चांदण्या देतात, हे मला मागाहून कळलं.

मालिका मी मन लावून पाहिली. घोरपड नावाचा तो इसम दिवसा दातांचा डॉक्टर असतो. दिवसा लोकांचे दात काढतो आणि अंधार पडल्यावर मुखवटा चढवून गुंडांचे पाडतो. इथवर माझी तक्रार नाही, धंद्याला धंदा पूरक आहे. पण सहाव्या भागात लिफ्ट अठराव्या मजल्यावरून कोसळते. आत गुंड सहा, ओलीस धरलेले सात, आणि टपावर घोरपड. झाले चौदा. पाटीवर ‘आठ व्यक्ती’ असं ठळक लिहिलेलं कॅमेऱ्यात दोनदा दिसतं. (दोष क्रमांक एक.) ब्रेक निसटतो, हिसक्याने एक दोर तुटतो आणि लिफ्ट दगडासारखी खाली येते. ताई, लिफ्टला एक दोर नसतो, निदान चार असतात. चारही तुटले तरी खाली एक जबडा असतो, तो दोन्ही बाजूंच्या रुळांना असा चावतो की लिफ्ट जागची हलत नाही. त्यासाठी घोरपड लागत नाही, दर पंधरवड्याला वर चढून बघणारा माणूस लागतो. पण तो मुखवटा घालत नाही, म्हणून त्याची मालिका निघत नाही.

त्या मुखवट्याबद्दलही मी लिहिलं, आणि ते तुला ‘फार टोचलं’. पुन्हा लिहितो. इथे माझ्यासमोर भिंतीला एक कार्ड टांगलेलं आहे. आज मी काय उघडलं, काय बदललं ते त्यात लिहून सही करायची असते. उद्या काही झालं तर लोक आधी ते कार्ड बघतील आणि मग माझ्या घरी येतील. घोरपडीने चुकीच्या माणसाचे दात पाडले तर लोकांनी कोणाच्या घरी जायचं? तू म्हणालीस, देवसुद्धा तोंड न दाखवताच मदत करतो. ताई, देवाने तोंड झाकलेलं नाही, आपले डोळे झाकलेले आहेत. या दोहोंत फरक आहे आणि तो दातांच्या डॉक्टरला लागू होत नाही.

एकूण अकरा दोष निघाले. तक्त्याच्या तळाशी एक छापील ओळ असते, ‘वरील दोष दूर होईपर्यंत वापर बंद ठेवावा.’ स्टोअरकीपरने त्याचा फोटो काढून कुठेकुठे पाठवला, तो फिरत फिरत भाचेबुवांच्या ऑफिसात पोचला आणि तिथे म्हणे लोक हसून खुर्च्यांवरून पडले. मग तुझा फोन आला. सगळं जग टाळ्या वाजवतंय आणि सख्खा मामा पाना घेऊन मागे लागलाय, माझ्या लेकाचा वापर बंद ठेवा म्हणतो, वगैरे. ती ओळ छापील होती, माझी नव्हती, एवढं म्हटलं तरी भांडण मिटेल असा निरोप भावोजींनी वॉचमनकरवी पाठवला. त्यांना सांग, मी असं म्हणणार नाही. ओळ छापील आहे, पण मी ती वाचून खाली सही केली आहे.

आता नवव्या दोषाकडे येतो. तू म्हणतेस, मला राग त्याचाच आहे आणि बाकीचे दहा नुसती भरती आहे. मालिकेत वंगणकाका नावाचा एक लिफ्टवाला आहे. त्याच्या कानावर पेन्सिल असते, तो मशीनला ‘बाई’ म्हणतो आणि खटक्याला हात लावायच्या आधी डोळे मिटून देवाचं नाव घेतो. हा कोण, हे ओळखायला आमच्या घरात कोणाला चष्मा लागला नाही. तुझी भावजय इतकी हसली की तिला उचकी लागली. मीसुद्धा हसलो. (एकदाच.) पेन्सिल माझी आहे, ‘बाई’ही माझीच, ती मी भाच्याला आनंदाने दिली. पण नाव घेऊन झाल्यावर तो वंगणकाका काय करतो? ब्रेकला तेल लावतो.

ताई, लिफ्टमध्ये सगळ्याला तेल लागतं, ब्रेकला लागत नाही. ब्रेकने कोरडंच राहायचं असतं, धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. गेल्या वर्षी भाचेबुवा वही घेऊन दोन दिवस माझ्यामागे हिंडले, तेव्हा पहिलं वाक्य मी हेच सांगितलं होतं. त्याने ते लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या, मी बघितल्या. म्हणजे चूक अज्ञानाची नाही, हशासाठी केलेली आहे. नाव घेणारा माणूस बावळट, आणि बावळट म्हणून चौदा जणांचा जीव टांगणीला, असं ते गणित आहे. मी नाव घेतो ते काम आपोआप नीट व्हावं म्हणून नाही. काम नीट करायचं विसरू नये म्हणून घेतो. माझ्या नावावर खुशाल हसा, देवाच्या नावावरही हसा, त्याला हसण्याचं वावडं नसावं. पण ते नाव घेऊन ब्रेकला तेल लावू नका.

तेव्हा शब्द मागे घेत नाही. एकही नाही, स्वल्पविराम नाही. तुझा उंबरठा तुझा आहे, तो मी ओलांडणार नाही. दर पंधरवड्याला दारावरून जाईन, नमस्कार करीन आणि वर चढेन. भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा, जिना टाळ.

तुझा आज्ञेबाहेरचा,
धाकटा

ता. क. : जिना टाळ असं वर लिहिलं खरं, पण लिफ्ट आज चार वाजेपर्यंत बंद राहील. ब्रेकची पट्टी बदलली आहे. यात सूड नाही, कार्डात तारीख आधीच लिहिलेली आहे, हवं तर येऊन बघ. (येऊ नकोस. गुडघा.)

आणखी एक ता. क. : मुख्य मुद्दा राहिलाच. स्टोअरकीपर म्हणतो, भाचेबुवा माझ्यावर एवढे चिडलेत की दहाव्या भागात वंगणकाका लिफ्टच्या खड्ड्यात पडून मरणार आहे. ताई, तुझ्याशिवाय तो कोणाचं ऐकत नाही. हल्ली मी ज्या इमारतीत जातो तिथले लोक मला वंगणकाका म्हणून हाक मारतात, दार धरून ठेवतात. सत्तावीस वर्षांत कोणी धरलं नव्हतं. काल एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, काका, तुम्ही पुढच्या भागात आहात ना? मी हो म्हणून बसलो आहे. त्याला सांग, माणसाला मारू नकोस. इतकी वर्षं काम केलेल्याला खड्डा कुठे आहे ते ठाऊक असतं. हातातलं तेल तेवढं काढून घे, बाकी काय हसायचं ते हस.

शेवटचं : पडणारच असेल, तर घोरपडीने झेलावं. कसं झेललं, ते मी तपासणार नाही.